‘येईल वयात’ म्हणणाऱ्यांना

उशिरा वयात आल्यामुळे आजवर कुणाचं काही अडलंय का, असा प्रश्न आपल्याकडे फार आत्मविश्वासानं विचारला जातो. विचारणारा बहुधा घरातलाच कुणी वडीलधारा असतो. पुष्कळदा तो डॉक्टरही असतो. पंधराव्या वर्षी मुलगा अकराचा दिसतोय, किंवा वर्गातल्या सगळ्याजणींना पाळी आली आणि आपल्या मुलीला नाही, म्हणून आईच्या जिवाला घोर लागलेला असतो. समोरून उत्तर येतं, ‘येईल हो वयात. तुमच्या घराण्यातच उशिरा आहे. याचे वडील नाही का, कॉलेजात गेल्यावर एकदम उंच झाले!’ विषय तिथे संपतो.

या उत्तराला माझा सरसकट विरोध नाही. निरोगी मुलाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं ठरतं. माझं भांडण आहे ते हेच उत्तर आजारी मुलाच्या हातावर ठेवण्याशी. ज्याला वर्षानुवर्षं पोटदुखी आणि जुलाब आहेत, जिचे सांधे सकाळी उठल्यावर तासभर आखडलेले असतात, ज्याला कारण न सापडणारा बारीक ताप येत-जात राहतो, जिला ल्युपस हा शरीरानं स्वतःवरच उलटण्याचा आजार आहे, अशा मुलाचं वयात येणं लांबलं तर तो ‘उशीर’ नसतो. ते त्या आजाराचंच लक्षण असतं. ताप हे जसं लक्षण, वजन घटणं हे जसं लक्षण, तसंच हेही. आणि लक्षणावर ‘वाट पाहा’ हा उपचार होऊ शकत नाही.

समोरच्या पक्षाचं म्हणणं आधी नीट मांडतो, नाहीतर अन्याय होईल. मुलीच्या स्तनांची वाढ वयाच्या १३ वर्षांपर्यंत सुरू झाली नाही, मुलाच्या वृषणांची वाढ १४ पर्यंत सुरू झाली नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला विलंब म्हणतं. असा विलंब झालेल्या मुलग्यांपैकी निम्म्याहून अधिकांत शोधूनही कुठलाच आजार सापडत नाही. आई, वडील किंवा मामा असाच उशिरा वाढलेला असतो. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला तर हाडांचं वयही खऱ्या वयाच्या मागे असतं, म्हणजे वाढीला अजून जागा असते. ही मुलं दोन-चार वर्षांनी आपोआप गाठतात आणि उंचीलाही फारशी कमी राहत नाहीत. इथपर्यंत सगळं मान्य. पण या निदानाची एक अट आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडे गाळली जाते. हे शेवटी उरणारं निदान आहे. बाकी सगळं तपासून, काही न सापडल्यावर मग ते करायचं. आपण ते सुरुवातीलाच करून मोकळे होतो, कधी कधी उंचीही न मोजता.

झाडं काय सगळी एकाच वेळी मोहरतात का, असा दाखला यावर हमखास दिला जातो. नाही मोहरत. पण उशिरा मोहरणारं झाड वेगळं आणि खोडकिडा लागल्यामुळे मोहर न धरणारं वेगळं. बागायतदार दुसऱ्या झाडाखाली पुढच्या हंगामाची वाट पाहत बसत नाही. तो खोड तपासतो.

आजारी मुलाची वाढ थबकते हा काही नव्यानं लागलेला शोध नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली लहान मुलांच्या संधिवातावर निबंध प्रसिद्ध केला. मुलांमधला हा आजार मोठ्यांच्या संधिवाताहून वेगळा आहे, हे त्यांनी त्यात दाखवलं. सुजलेले सांधे, वाढलेली प्लीहा, लसिकाग्रंथींच्या गाठी यांच्या जोडीला त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. पक्के दात येण्याआधी हा आजार जडला, तर मुलाची एकूण वाढच खुंटते. साडेबारा वर्षांचं मूल सहा-सात वर्षांचं वाटावं इतकी. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरीही ‘घराण्यात उशिरा आहे’ हे वाक्य एका दमात उच्चारलं जातं.

आतड्याच्या आजारात तर उलटा क्रम दिसतो. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ साली वर्णन केलेला क्रोन्स डिसीज हा आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा आणणारा आजार. या आजाराच्या ५० मुलांच्या उंचीच्या जुन्या नोंदी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासल्या आणि १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांच्या उंचीचा वेग निदानाच्या आधीच मंदावलेला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत पोटाची तक्रार सुरू होण्यापूर्वीच. उंची थांबली, ही त्या आजारानं दिलेली पहिली वर्दी होती. ती वर्दी ज्यांनी ‘येईल वयात’ म्हणून परत पाठवली असेल, त्यांनी निदानाला किती महिने उशीर केला असेल याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता दुसरा आक्षेप. तो अधिक शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त फसवा आहे. ‘हे सगळं पोषणाचं आहे हो. पोरगं खातच नाही. अंगात काही असेल तर वयात येईल ना!’ मग आळीव-डिंकाचे लाडू येतात, प्रोटीन पावडरचे डबे येतात आणि जेवणाच्या ताटावर रोज रडारड होते.

यात तथ्य आहे, पण अर्धंच. शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार करते आणि ‘आता पुरेसा साठा आहे’ हा निरोप मेंदूपर्यंत त्यातूनच जातो. साठा नसेल तर मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला हलवत नाही, आणि वयात येण्याची सारी साखळी तिथेच अडते. दुष्काळात, कुपोषणात, अतिव्यायामात पाळी लांबते ती यामुळेच. परंतु दीर्घ दाहाच्या आजारात आणखी एक गोष्ट घडत असते. शरीरातली प्रतिकारयंत्रणा टीएनएफ, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१ असे रेणू रक्तात सतत सोडत राहते. हे रेणू भूक मारतात. म्हणजे मूल खात नाही म्हणून आजारी नसतं, आजारी आहे म्हणून खात नाही. पण त्यांचं काम भुकेपाशी थांबत नाही. इंटरल्युकिन-६ वाढलं की यकृतात तयार होणारं आयजीएफ-१, म्हणजे वाढ-संप्रेरकाचा संदेश हाडापर्यंत पोचवणारा घटक, खाली येतो. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ हाडाच्या टोकाजवळच्या वाढपट्टीतल्या पेशींनाच मंद करतात. आणि वर, मेंदूत, वयात येण्याचा पहिला इशारा देणाऱ्या यंत्रणेवरही याच दाहाचा दाब पडतो.

पोषणाचा वाटा किती आणि दाहाचा किती, हे वेगळं कसं काढायचं? लंडनच्या संशोधकांनी २००० सालाच्या सुमारास उंदरांवर एक साधा, पण नामी प्रयोग केला. एका गटातल्या उंदरांच्या आतड्याला दाह आणला. ते जितकं खात होते, तितकंच मोजून दुसऱ्या, निरोगी गटाला दिलं. एकही दाणा जास्त नाही. दोन्ही गट सारखेच अर्धपोटी. तरीही दाह असलेल्या गटाची वाढ निव्वळ अर्धपोटी गटापेक्षा जास्त खुंटली, आणि त्यांचं वयात येणंही अधिक लांबलं. लाडवांनी भरून काढता येईल असा भाग होता, तसाच कितीही लाडू दिले तरी न भरणारा भागही होता.

माणसाच्या मुलांत याचा पुरावा एका विलक्षण उपचारातून मिळाला. क्रोन्स असलेल्या मुलाला सहा ते आठ आठवडे घरचं जेवण पूर्ण बंद करून केवळ वैद्यकीय पोषण-द्रवावर ठेवतात. युरोपातल्या बालरोग-पोटविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत, तोंडावाटे घेतलेल्या या आहाराला आजार शांत करण्याच्या पहिल्या उपायांत स्थान आहे, कारण स्टेरॉइडइतकाच तो आजार आटोक्यात आणतो आणि आतड्याच्या जखमा त्याहून चांगल्या भरतो. या मुलांच्या रक्ताच्या चाचण्या पहिल्या काही दिवसांतच केल्या तेव्हा दिसलं की दाह दाखवणारे घटक उतरले आणि आयजीएफ-१ चढू लागलं. वजन-स्नायूंच्या मापात फरक पडला तो त्यानंतर. आधी दाह शमला, मग आयजीएफ-१ हललं, आणि बाळसं शेवटी धरलं. ‘आधी खाऊन अंगात येऊ दे’ म्हणणाऱ्यांचा क्रम नेमका उलटा आहे. (सहा आठवडे पोळी-भाजी बंद, हे आपल्याकडच्या आजीला पटवणं किती अवघड आहे, याची कल्पना त्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांना नसावी. पण ते पटवावं लागतं.)

सिलियाक आजाराचं उदाहरण इथेच घ्यायला हवं. गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनमुळे आतड्याचा आतला थर झिजतो. उत्तर भारतात डॉक्टर तो शोधतात. महाराष्ट्रात ‘आपण भाकरी-भात खाणारे’ म्हणून शोधत नाहीत, जरी आज गावोगावच्या डब्यात चपातीच असते. काही मुलांत जुलाब नसतात, पोट फुगत नाही. रक्तक्षय आणि लांबलेलं वयात येणं एवढंच दिसतं. रक्ताची एक चाचणी, मग दुर्बिणीनं घेतलेला आतड्याचा तुकडा, आणि निदान पक्कं. त्यानंतर ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. बाजारच्या बांधणीच्या हिंगातला मैदासुद्धा टाळावा लागतो. पण गहू बंद करायचा तो तपासणी झाल्यावर. आधीच बंद केला, तर चाचणी खोटा दिलासा देते. लाडू खाऊ घालणारं घर या मुलाला नकळत कणकेचे, रव्याचेच लाडू देत असतं.

तिसरा आक्षेप सध्या मोबाइलवर सर्वाधिक फिरतो. ‘आजार नव्हे, औषधंच मुलांची वाढ मारतात. स्टेरॉइड बंद करा.’ स्टेरॉइड वाढ खुंटवतं, हे खोटं नाही. महिनोन् महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्या मुलाचा चेहरा गोल होतो, हाडं विरळ होतात, उंचीचा वेग पडतो. पण सगळा दोष त्याच्या माथी मारणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं गेलं ते १९४८ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. त्यासाठी हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळालं. स्टिल यांनी वाढ खुंटलेली मुलं पाहिली ती त्याच्या अर्धशतक आधी. त्या मुलांनी स्टेरॉइडचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांना कुणी खुंटवलं?

घरच्या घरी स्टेरॉइड एकदम तोडण्यात जिवालाच धोका असतो, कारण शरीरानं स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं तोवर थांबवलेलं असतं. आणि ‘अॅलोपॅथी नको’ म्हणून जी बिननावाची पुडी आणली जाते, तिच्यात लपवून स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची प्रकरणं आपल्या देशात नोंदली गेली आहेत. म्हणजे सुटका झाली असं वाटत असतानाच मूल त्याच औषधाच्या, पण मोजमाप नसलेल्या मात्रेवर असतं.

दम्याच्या पंपाबद्दल तर अफवांना ऊतच आलेला आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरनं कमी भरली. एवढाच तो तोटा. त्या तुलनेत रोज रात्री धाप लागणारं, झोप न मिळालेलं, वारंवार गोळ्यांच्या स्टेरॉइडवर जाणारं मूल किती गमावतं, याचा विचार पंप फेकून देणाऱ्यांनी करावा.

योग्य प्रश्न ‘स्टेरॉइड की काहीच नाही’ हा नाहीच. स्टेरॉइड कमीत कमी काळ वापरून दाह दुसऱ्या कशानं दाबून ठेवता येईल, हा आहे. संधिवातात आठवड्यातून एकदाचं मेथोट्रेक्सेट, आतड्यात पोषण-द्रव आणि अॅझाथायोप्रिन, आणि पुढच्या पायरीवर टीएनएफला अडवणारी इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब ही जैविक औषधं. दाह खऱ्या अर्थानं आटोक्यात आला की मुलांची उंची पुन्हा वेग धरते आणि थांबलेलं वयात येणं पुढे सरकतं, हे या औषधांच्या वापरातून दिसलं आहे. मात्र औषध वयात येण्याच्या सुरुवातीला किंवा त्याआधी मिळालं तर. अडॅलिमुमॅबची जगातली पहिली प्रतिकृती २०१४ साली अहमदाबादच्या झायडस कॅडिलानं बाजारात आणली. तरीही सामान्य घराला ती परवडते, असं मी म्हणणार नाही. पण परवडत नाही म्हणून मिळत नाही हे एक, आणि गरजच ओळखली गेली नाही म्हणून कुणी नावही काढलं नाही हे दुसरं. मला राग आहे तो दुसऱ्याचा.

भारतात एक खरी अडचण आहे, ती नाकारून चालणार नाही. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे की जाणकारही फसतात. त्यामुळे अनेक मुलांना आधी क्षयाची औषधं मिळतात, आणि ते चूकही नव्हे, कारण क्षय असताना टीएनएफ अडवणारं औषध दिलं तर तो भडकतो. चूक होते ती पुढे. दोन-तीन महिन्यांत पुन्हा दुर्बिणीनं पाहून जखमा भरत आहेत का, हे ठरवायचं असतं. ते न करता कोर्स पूर्ण करायचा, मग दुसरा, मग ‘बघू’, यात तेराव्या वर्षी आलेलं मूल पंधराचं होतं. मोठ्या माणसाची दोन वर्षं आणि या वयातली दोन वर्षं यांची किंमत एक नाही.

त्या किमतीबद्दलच चौथा आक्षेप असतो, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘दोन इंच कमी राहिला तर काय बिघडलं? बुटकी माणसं जगत नाहीत का?’

जगतात, आणि झकास जगतात. शिवाय क्रोन्सच्या रुग्णांची प्रौढ उंची सरासरीनं पाहिली तर फरक फार मोठा नसतो, हेही सांगून टाकतो. पण सरासरीत ज्यांचा आजार वेळेत आवरला ती मुलंही असतात आणि ज्यांचा वर्षानुवर्षं धुमसला तीही. दुसऱ्यांचं नुकसान पहिल्यांच्या आकड्यात विरून जातं. वयात येताना मुली साधारण २० ते २५ आणि मुलगे २५ ते ३० सेंटिमीटर वाढतात. वाढपट्ट्या बंद करण्याचं कामही वयात येण्याच्या संप्रेरकांचंच, नेमकं सांगायचं तर इस्ट्रोजेनचं, मुलग्यांतसुद्धा. इस्ट्रोजेनचा परिणामच न होणाऱ्या एका पुरुषाची नोंद १९९४ साली प्रसिद्ध झाली. अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याच्या वाढपट्ट्या उघड्या होत्या आणि तो वाढतच होता. याचा अर्थ असा, की ‘हाडांचं वय मागे आहे, म्हणजे वेळ हातात आहे’ हा दिलासा आजारी मुलाला जसाच्या तसा लागू होत नाही. दाह चालूच असताना वयात येणं एकदाचं सुरू झालं, तर उंचीची उसळी तोकडी मिळते आणि पट्ट्या मात्र ठरल्याप्रमाणे बंद होतात.

आणि प्रश्न निव्वळ उंचीचा नाहीच. कॅनडात सस्कॅचेवानच्या संशोधकांनी मुलांना वर्षानुवर्षं मोजून दाखवलं, की हाडांत खनिज साठण्याचा वेग शिखरावर असतो त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढ हाडांतल्या खनिजाचा सुमारे २६ टक्के साठा जमा होतो. दोन वर्षांत चौथा हिस्सा. ही दोन वर्षं दाहात आणि स्टेरॉइडमध्ये गेली तर चाळिशी-पन्नाशीत मोडणाऱ्या मणक्याची तयारी तेव्हाच झालेली असते. त्याला ‘दोन इंच’ म्हणत नाहीत.

मनाचं काय होतं, ते मोजायला यंत्र नाही, पण दिसतं सगळ्यांना. दहावीतल्या मुलाला एसटीचा कंडक्टर न विचारता अर्धं तिकीट फाडून देतो आणि मागच्या बाकावरचे मित्र हसतात. वसतिगृहात तो सगळ्यांच्या आधी पहाटे आंघोळ उरकतो. कबड्डीच्या संघात त्याला कुणी घेत नाही. अशा मुलाला ‘मनावर घेऊ नकोस’ सांगणारे पुष्कळ भेटतात. तुझा आजार यामागे आहे आणि त्याच्यावर इलाज आहे, हे सांगणारा क्वचित.

मुलग्यांचा मुद्दा वेगळा काढावा लागतो. क्रोन्समध्ये वाढ खुंटण्याचं प्रमाण मुलींपेक्षा त्यांच्यात जास्त दिसतं, आणि नेमकं त्यांचंच वयात येणं घरात कुणी पाहत नाही. मुलीच्या पाळीकडे आई, आजी, मावशी, शेजारीण सगळ्यांचं लक्ष असतं. मुलग्याचं मिसरूड फुटलं, आवाज फुटला की तो मोठा झाला असं आपण धरतो. पण ह्या दोन्ही पुष्कळ पुढच्या खुणा. पहिली खूण वृषणांचा आकार ४ मिलिलिटरला पोचणं ही, आणि ती घरच्यांना दिसण्यातली नव्हे. तिच्यासाठी स्विस डॉक्टर आंद्रेया प्रादर यांनी १९६६ साली मण्यांची माळ प्रचारात आणली. १ ते २५ मिलिलिटरचे बारा मणी, शेजारी धरून तुलना करायची. अर्ध्या मिनिटाचं काम. आपल्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी, एक फाटका पडदा, शेजारी उभी आई आणि लाजेनं खाली बघणारा मुलगा. तपासणी टळते, कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं.

मुलींच्या वाट्याला लक्ष येतं, पण त्याचा उपयोग भलतीकडे होतो. पाळी आली नाही की चिंता लग्नाची. मग संधिवाताच्या किंवा ल्युपसच्या डॉक्टरांना न विचारता स्त्रीरोगतज्ज्ञाकडून गोळ्या आणल्या जातात, चार दिवस रक्तस्राव होतो, आणि ‘आली एकदाची’ म्हणून पेढे वाटले जातात. स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मधल्या पायऱ्या न चढता गोळीनं आणलेला स्राव म्हणजे वयात येणं नव्हे. उलट इस्ट्रोजेनची मात्रा चुकली, तर थोडीफार उरलेली उंची त्यातच संपते. संप्रेरकं देऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. दाह आटोक्यात आणूनही गाडी हलत नसेल, तर मुलग्याला काही महिने टेस्टोस्टेरॉनची लहान मात्रा किंवा मुलीला इस्ट्रोजेनची अगदी सूक्ष्म मात्रा अंतःस्रावतज्ज्ञ देतात, आणि ती योग्यच असते. पण दाह तसाच ठेवून वरून संप्रेरक ओतणं, किंवा ‘उंची वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून लाखभर रुपये घालवणं, हे आजाराला अभय देणं आहे.

एक गंमत सांगायची राहिली. ‘आजकालची मुलं लवकर वयात येतात’ यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने भरतात. गाईच्या दुधातली इंजेक्शनं, कोंबड्या, मोबाइल, सगळ्यांवर आरोप होतात. उशिरा येणाऱ्यांवर एक ओळ नाही. लवकर वयात येण्याची आपल्याला नैतिक धास्ती वाटते, उशिरा येण्यात मात्र काहीच वावगं वाटत नाही, असा माझा संशय आहे.

व्यवस्थेकडे वळतो. सरकारी व अनुदानित शाळा आणि अंगणवाड्यांतल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, उंची-वजन घेतं. उंचीच्या एका आकड्याला मात्र फारसा अर्थ नसतो. अर्थ असतो तो गेल्या वर्षीच्या आकड्याशी केलेल्या वजाबाकीला. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण ४ ते ६ सेंटिमीटर वाढतं. ४ पेक्षा कमी भरलं तर शोध घ्यायलाच हवा. भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वर्षांचे सुधारित वाढतक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ सालीच दिले आहेत, पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचं त्यातलं काम सर्वश्रुत आहे. तक्ते आहेत, पथकं आहेत, टेप आहे. वजाबाकी नाही.

त्याहून मोठी खोट रुग्णालयांत आहे. आपल्या बऱ्याच सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाचं दार बाराव्या वर्षी बंद होतं. तेराव्या वर्षाचं क्रोन्सचं किंवा संधिवाताचं मूल मोठ्यांच्या विभागात जातं, जिथे सांधे पाहतात, दाह दाखवणारी ईएसआर ही रक्तचाचणी पाहतात, आतडं पाहतात, पण उंची मोजायची पट्टीच भिंतीवर नसते, कारण तिथल्या कुणाची उंची वाढत नसते. वयात येण्याची पाच-सहा वर्षं, म्हणजे ज्यांच्याविषयी हा सगळा लेख आहे तीच वर्षं, मूल अशा जागी काढतं जिथे ती कुणाच्याच खात्यात नाहीत.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. बालरोग विभागाची मर्यादा राज्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात १८ वर्षांपर्यंत न्यावी. आणि ते होईपर्यंत दीर्घ आजाराच्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरला वाढतक्ता जोडावा, दर तीन ते सहा महिन्यांनी त्यावर उंची आणि वयात येण्याचा टप्पा नोंदवल्याशिवाय पुढची तारीख देऊ नये. पालकांनी यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचं कारण नाही. पुढच्या खेपेला जाताना मुलाच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या उंचीचे आकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकातून उतरवून घ्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि वर्षाला किती सेंटिमीटर वाढ झाली, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.